भाट्ये ते गणपतीपुळे पॅडलबोर्डवरून जाता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतात. गेल्या वर्षी त्यांनी हवा भरायचा पॅडलबोर्ड, म्हणजे उभे राहून वल्हवायची फळी, घेतला असून पानशेत आणि पवनेच्या पाण्यात ते दर रविवारी पाच-सहा किलोमीटर आरामात वल्हवतात. डिसेंबरमध्ये एका मित्रासह ते चार दिवस रत्नागिरीला जाणार आहेत. भाट्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत जाता येईल का, आणि ते जमणार नसेल तर रत्नागिरीच्या आसपास कोणते मार्ग करावेत, असे त्यांनी विचारले आहे. मी गेली नऊ वर्षे पुण्याच्या धरणांवर वल्हवतो आहे, नवशिक्यांना शिकवतो आणि दर हिवाळ्यात बोर्ड घेऊन कोकणात उतरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो: या वर्षी हा बेत करू नका. नकाशावर किनारा सलग दिसतो, पण बोर्डवरून तो तसा मिळत नाही. भाट्याहून निघाल्यावर आधी खाडीचे मुख ओलांडावे लागते, मग मांडवी, मग रत्नदुर्गाचे समुद्रात घुसलेले टोक, त्याला वळसा घातला की मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर, आणि पुढे मिऱ्याचा डोंगर. या पट्ट्यात दमलात म्हणून हवे तिथे किनाऱ्याला लागता येत नाही. कातळकड्यावर आपटून परत फिरणाऱ्या लाटा आणि मागून येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात, तेव्हा बोर्डखालचे पाणी कोणत्याही एका दिशेने हलत नाही आणि उभे राहणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. तुमच्या प्रश्नात जाण्याचे अंतर आहे, पण परतीविषयी काहीच नाही. मला आधी त्याविषयी बोलायचे आहे, कारण समुद्रावरचा मार्ग मी परतीवरूनच ठरवतो.

पानशेतच्या पाण्यावर आपल्याविरुद्ध काम करणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे वारा. पाणी स्वतः जवळजवळ जागेवरच असते. वाऱ्याने ढकलले तरी फार तर आपण समोरच्या काठाला लागतो आणि बोर्ड खांद्यावर घेऊन, थोडी काटेकुटे तुडवत, चालत परत येतो. समुद्रात आणि खाडीत वारा आणि पाणी दोन्ही चालत असतात, दोन्ही दिवसातून आपली दिशा बदलतात आणि दोघांची वेळापत्रके वेगळी असतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या क्षणी हातातले वल्हे सुटले, तर अर्ध्या तासाने मी कुठे असेन? उत्तर ‘वाळूवर’ किंवा ‘गावाच्या काठाला’ असे असेल तर पुढे जायचे. उत्तर ‘अरबी समुद्रात’ असे असेल, तर पाणी कितीही शांत दिसो, मी तिथे थांबत नाही.

हा प्रश्न मला एका सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर सुचला. जानेवारी महिना होता, सात वाजून गेले होते आणि समुद्र इतका सपाट होता की मला मुळशीच्या जलाशयाची आठवण झाली. मी दोनेकशे मीटर आत गेलो, बोर्डवर बसलो, पाणी प्यायलो आणि मोबाइल काढून किनाऱ्याचे फोटो घेत राहिलो. दहा-बारा मिनिटे गेली असतील. मान वर केली तेव्हा किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांची वेगवेगळी खोडे दिसेनाशी झाली होती आणि त्यांची एकच हिरवी रेघ उरली होती. मी उभा राहिलो, जोर लावला, पण वारा थेट छातीवर येत होता. मग गुडघ्यांवर बसून, वल्हे आखूड धरून, तासाभराने किनारा गाठला. वाळूवर जाळे साफ करत बसलेल्या एका वयस्कर काकांनी मला फक्त एवढेच विचारले, “वारा जमिनीवरनं हाय, त्ये उतरायच्या आधी बघितलंत काय?” मी बघितले नव्हते.

ते काका ज्या वाऱ्याबद्दल बोलत होते, तो आपण सगळ्यांनी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात शिकलेला आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात. परीक्षेत दोन गुण मिळवून देणारा हा धडा डिसेंबर-जानेवारीत कोकणात अगदी स्पष्ट अनुभवाला येतो. मतलई वारा किनाऱ्याजवळ जाणवत नाही, कारण झाडे आणि टेकड्या त्याला अडवतात, आणि लाटा उठायला त्याला जागाच मिळालेली नसते, म्हणून काठाजवळचे पाणी आरशासारखे राहते. जसजसे आत जाल तसतसा तो पाठीवर वाढत जातो आणि आपल्याला वाटते की आज आपण फार छान वल्हवतो आहोत. वारा पाठीवर असताना जे जलद वाटते, त्यावर कधीही विश्वास ठेवू नका. साधारणपणे नऊ-साडेनऊपर्यंत हा वारा पडतो, मग तास-दीड तास हवा जवळजवळ स्थिर असते आणि अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होऊन दुपारी चांगला जोर धरतो. नेमकी वेळ दिवसागणिक बदलते, ढगाळ हवेत तर क्रमच बिघडतो, म्हणून घड्याळाबरोबर माडाच्या झावळ्यांकडेही पाहावे.

आता भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, दोन्हींमध्ये सहा तासांहून थोडे अधिक अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडे यासाठी जुना हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. म्हणजे अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला बऱ्यापैकी जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे रत्नागिरीत ती मुंबईच्या थोडी आधीच येते. बेत आखायला हा हिशेब पुरतो, पाण्यात उतरायला मात्र त्या दिवसाचे रत्नागिरीचे भरतीचे कोष्टकच पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि खाडीतला प्रवाह जोरात असतो, तर अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने प्रवाह सौम्य असतो. तुमच्या सुट्टीच्या तारखा अजून पक्क्या नसतील तर दशमी ते त्रयोदशी हे दिवस साधा. पूर्ण भरती सकाळी सोयीच्या वेळी येते आणि उधाण अजून पुरते चढलेले नसते.

यानंतर मार्गांकडे येतो. तुमच्यासाठी सर्वांत चांगला मार्ग समुद्रात नाहीच, तो भाट्याच्या खाडीत आहे. काजळी नदी रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. उत्तरेच्या काठावर राजिवडा, दक्षिणेला भाट्ये आणि मधे पूल. या पुलाच्या आतल्या बाजूने, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, सोमेश्वर-चिंचखरीच्या दिशेने वर जायचे. पाणी रुंद आहे, दोन्ही बाजूंना गावे आणि माडाच्या बागा आहेत, मधूनमधून कांदळवन आहे, आणि कुठेही अडचण आली तरी हाक ऐकायला माणूस आहे.

पहिल्या दिवशी पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पाण्यात उतरा. त्या वेळी पाणी आत शिरत असते, त्यामुळे दमलात, पडलात, वल्हे हरवले, तरी ते तुम्हाला गावांकडे नेईल, समुद्राकडे नाही. साधारण एक तास वर जा आणि घड्याळ पाहून परत फिरा, पुढचे वळण कितीही खुणावत असले तरी. परतताना भरतीचा शेवटचा, मंदावलेला प्रवाह समोरून येईल, पण भरती पूर्ण होत आली की पाणी काही काळ जवळजवळ थांबते, त्यामुळे फारसा त्रास होणार नाही. ओहोटीचा जोर धरण्याआधी तुम्ही काठावर असले पाहिजे. हा क्रम मी माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी करायला लावतो. त्यात वेगाची मजा नाही, हे मान्य आहे, पण खाडीची ओळख त्यातूनच होते.

दुसऱ्या दिवशी, जर तुम्ही दोघेही पहिल्या दिवशी न दमता परतला असाल तरच, भरतीबरोबर अधिक वर जाऊन ओहोटीबरोबर परत यायला हरकत नाही. मात्र या वेळी ‘वल्हे सुटले तर मी कुठे असेन’ या प्रश्नाचे उत्तर बदलते, कारण ओहोटीचे पाणी तुम्हाला पुलाखालून खाडीच्या मुखाकडे नेईल. मुखाशी गाळ साचलेला आहे, तिथे पाणी उथळ होते आणि आतून जाणारे पाणी बाहेरून येणाऱ्या लाटांना भिडले की लाटा एकदम उभ्या फुटतात. त्या जागी मच्छीमारांच्या यांत्रिक नौकासुद्धा अडचणीत येतात, मग बोर्डची काय कथा. म्हणून काठावर उतरण्याची जागा पुलाच्या बरीच आत निवडा, तिच्याकडे मधल्या प्रवाहातून थेट येऊ नका, आधीच काठाच्या बाजूला सरका आणि काठाकाठाने या. ओहोटी लागल्यावर दीड तासाच्या आत बाहेर पडा. त्यानंतर काठालगत जमीन उघडी पडू लागते, आणि ती वाळू नसून गुडघाभर चिखल असतो. त्यात पाय रुतला की बोर्ड ओढत बाहेर येणे हे वल्हवण्यापेक्षा कितीतरी अधिक दमवणारे काम आहे. कातळ असेल तिथे कालवे असतात. त्यांच्या धारेने तळपाय आणि बोर्ड दोन्ही फाटतात, त्यामुळे अनवाणी उतरू नका.

खाडीविषयी आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. खाडीत जाळ्यांसाठी रोवलेले खुंट असतात, नांगरलेल्या होड्यांचे दोर असतात. प्रवाहात बोर्ड खुंटाच्या एका बाजूने गेला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने गेलात, तर घोट्याला बांधलेली लीश, म्हणजे तुम्हाला बोर्डशी जोडणारी दोरी, तुम्हाला तिथेच धरून ठेवते आणि पाणी तुमच्यावरून वाहू लागते. त्या अवस्थेत वाकून घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून खाडीत आणि नदीत लीश कमरेच्या पट्ट्याला लावायची आणि तो पट्टा एका हिसक्यात सुटणारा असला पाहिजे. तो डाव्या आणि उजव्या, दोन्ही हातांनी, डोळे मिटून सोडण्याचा सराव पानशेतलाच करून घ्या. उघड्या समुद्रात मात्र घोट्याची लीश ठीक आहे, तिथे बोर्ड हातचा जाऊ न देणे हेच महत्त्वाचे असते. खुंटांपासून आणि जाळ्यांपासून दूर राहण्याचे दुसरे कारण असे की ती कोणाच्या तरी घरची चूल आहे. काठावर उतरताना तिथल्या मंडळींना विचारावे. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही, उलट पाण्याची खरी माहिती तिथेच मिळाली आहे.

समुद्राचा अनुभव घ्यायचाच आहे, तर तो भाट्याच्या किनाऱ्यावर घ्या. हा सुमारे दीड किलोमीटरचा सरळ वाळूचा किनारा आहे. मतलई वारा पडल्यावर आणि खारा वारा जोर धरण्याआधी, म्हणजे ढोबळमानाने साडेनऊ ते अकरा, किनाऱ्याला समांतर जायचे आणि तसेच परत यायचे. दक्षिणेच्या टोकाला झरी विनायकाचे मंदिर आहे, त्या बाजूला राहा आणि खाडीच्या मुखाकडे मुळीच सरकू नका, विशेषतः ओहोटी सुरू असताना. किनाऱ्यापासून अंतर किती ठेवायचे याचे माझे माप असे आहे की जिथून मी बोर्डशिवाय, लाइफ जॅकेट घालून, पोहत सहज परत येऊ शकतो, त्यापलीकडे जायचे नाही. फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातून आत जाताना आणि बाहेर येताना गुडघ्यांवर राहा. बोर्ड कधीही लाटेला आडवा होऊ देऊ नका, आणि पडलात तर बोर्ड आणि किनारा यांच्या मधे स्वतः उभे राहू नका, कारण पुढची लाट तोच बोर्ड तुमच्या अंगावर आणते.

शहराच्या उत्तरेला साखरतरची खाडीही सुंदर आहे, शांत आहे, आणि तिथे भाट्याच्या खाडीचेच सगळे नियम लागू होतात. दक्षिणेला पूर्णगडजवळ मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. एक दिवस मोकळा असेल तर तिथेही पुलाच्या आतल्या बाजूने वर जाता येईल. गावखडीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा संध्याकाळनंतर त्या वाळूवर बोर्ड, दिवे आणि गोंगाट नेऊ नये, एवढी विनंती.

टाळायच्या जागा मी थोडक्यात सांगतो. मिरकरवाड्याच्या बंदराच्या तोंडाशी जाऊ नका, कारण ट्रॉलरच्या चालकाला पाण्याच्या पातळीवरचा बोर्ड दिसत नाही. मिऱ्याच्या किनाऱ्याला मोठमोठ्या दगडांचा बंधारा आहे, तिथे बोर्ड लावायला जागा नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार हे जहाज याच किनाऱ्यावर येऊन आदळले होते. ते पावसाळ्याच्या तोंडचे वादळ होते आणि तुमची सहल हिवाळ्यातली आहे, तरी पश्चिमेच्या वाऱ्यात हा किनारा आपल्याला कुठे ढकलतो, हे समजायला तेवढे उदाहरण पुरेसे आहे. गणपतीपुळ्याला दर्शनाला अवश्य जा, पण तिथे पाण्यात उतरू नका. तिथला उतार आणि ओढ यांनी फार बळी घेतले आहेत. जयगडच्या खाडीत मालवाहू जहाजे आणि फेरीबोट दोन्ही असतात, ती जागा नवख्यांची नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. तुमचे वजन, बोर्डची लांबी, मित्राची तयारी, दोघांचे पोहणे. दोघांपैकी जो कमी तयारीचा असेल, त्याच्या हिशेबानेच मार्ग ठरवा. जाण्याआधी दोन रविवार माझ्या सांगण्यावरून खर्च करा. मुद्दाम दुपारी, वारा सुटल्यावर, पानशेतच्या किंवा पवनेच्या पाण्यावर जा आणि वाऱ्याच्या थेट विरुद्ध अर्धा किलोमीटर जायला किती वेळ लागतो ते मोजा. शांत पाण्यावर ताशी पाच किलोमीटर जाणारा माणूस ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्यासमोर उभा राहून ताशी दोनसुद्धा जात नाही, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या बाबतीत मी वारंवार पाहिले आहे. त्यात समोरून तेवढ्याच वेगाचा प्रवाह आला तर तुम्ही जागच्या जागी राहता. मग गुडघ्यांवर बसून तेच अंतर कापा, मग पालथे पडून हातांनी कापा, आणि खोल पाण्यात दहा वेळा मुद्दाम पडून दहा वेळा बोर्डवर चढा. दहाव्या वेळीही तुम्ही दुसऱ्याच्या मदतीशिवाय चढू शकलात, तर तुम्ही तयार आहात.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. जॅकेट अंगात असावे, बोर्डवर बांधलेले नव्हे. शिट्टी जॅकेटला, मोबाइल जलरोधक पिशवीत आणि ती पिशवी गळ्यात. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२ हे क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. काठावर एका माणसाला परतण्याची वेळ सांगून जा. खाडीसाठी आखूड फिन, म्हणजे बोर्डच्या तळाला लावायचे पाते, न्या, नेहमीची लांब फिन उथळ पाण्यात गाळात अडकते आणि माणूस पुढे फेकला जातो. भरलेला बोर्ड दुपारच्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, आतली हवा तापून शिवण सुटते. पाण्यातून बाहेर आलात की थोडी हवा सोडा आणि सावलीत ठेवा.

तेव्हा तुमच्या चार दिवसांची मांडणी मी अशी करेन: पहिला दिवस भाट्याच्या खाडीत भरतीबरोबर, दुसरा त्याच खाडीत ओहोटीने परतीचा, तिसरा भाट्याच्या किनाऱ्यावर तासाभराचा. चौथा मोकळा ठेवा. आधीच्या तीनपैकी एखादा दिवस वाऱ्याने खाल्ला तर तो इथे भरून काढा, नाहीतर साखरतरला जा. सुट्टीच्या तारखा आणि त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा इथे लिहिल्यात, तर पाण्यात उतरायची आणि परत फिरायची वेळ मी दिवसागणिक काढून देईन.